म्हावऱ्याच्या शेजारी कुठला रंग : एका मासळी ब्रँडच्या कामाच्या नोंदी, ठाणे

२ जून

कालपासून मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी समुद्रात जात नाहीत, त्यामुळे मावशींना आत्ता कुठे निवांत बसून बोलायला वेळ मिळालाय आणि मलाही रंगांचं काम संपवायला हेच दोन महिने आहेत.

मावशी चेंदणी कोळीवाड्यातल्या. त्यांच्या आईने डोक्यावर पाटी घेऊन नौपाड्यात दारोदार म्हावरं विकलं, मावशी बाजारात बसल्या, आणि लॉकडाऊनमध्ये लेकीने व्हॉट्सॲपवर ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली ती इतकी वाढली की आता साफ करून, कापून, डब्यात भरून घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये रोज माल जातो. कापूरबावडीच्या पुढे एक गाळा घेतलाय, मागे साफसफाई आणि पॅकिंग, पुढे छोटं काउंटर. ब्रँडला मावशींच्या आईचं नाव, नोंदणी होईपर्यंत ते इथे लिहीत नाही. लेटरिंग झालंय आणि छान झालंय, देवनागरीत, एक जोडाक्षर आणि एक वेलांटी आहे त्यात. आता रंग.

रंग कुठे कुठे लागणार ते आधी लिहून काढलं कारण नंतर हेच राहून जातं: डब्यावरची स्लीव्ह, डब्याच्या तळाला घालायचा कागद, बर्फाच्या पेटीचा स्टिकर, स्कूटर, बोर्ड, काउंटरची मागची भिंत, ॲप्रन, बिलबुक, रेट कार्ड, डीपी. यातलं निम्मं ओलं होणार आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं.

मावशींचं म्हणणं, "दर्या निळा, आपला धंदा दर्याचा, मग अजून काय बघायचं?" प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला पाहिजे, नुसतं "सगळे निळाच वापरतात" म्हणून उडवून लावता येणार नाही.

४ जून

बाजारात चक्कर मारली. ताडपत्र्या निळ्या, ड्रम निळे, क्रेट निळे, बर्फाच्या पेट्या निळ्या, आणि ऑनलाइन मासे विकणाऱ्या बऱ्याच जणांचे लोगो पण निळे, वर एक लाट आणि एक मासा. म्हणजे आपण निळा घेतला तर आपला डबा त्या क्रेटमध्येच विरघळून जाणार. पण हे अजून अर्धंच उत्तर आहे.

लेकीने रात्री एक चार्ट पाठवला, लाल म्हणजे भूक, निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, आणि विचारलं की मग हिरवा घेऊया का. असे चार्ट मी कामात घेत नाही आणि तिला कारण सांगितलं. स्टेट बँक निळी आहे, ॲक्सिस बर्गंडी आहे, आयसीआयसीआय नारिंगी-मरून आहे, लोक तिन्हीकडे विश्वासाने पैसे ठेवतात. लाल रंग जेवणाच्या पाकिटावर असला तर भूक, ॲम्ब्युलन्सवर असला तर वेगळंच, नवरीच्या शालूवर असला तर अजून तिसरं. सुट्या रंगाला अर्थ नसतो, तो कशाच्या शेजारी बसलाय त्यावरून अर्थ येतो. आणि आपल्याकडे रंगाच्या शेजारी कायम एकच गोष्ट असणार आहे, कापलेली ओली मासळी. म्हणून निवड तिथूनच करायची, कागदावरून किंवा स्क्रीनवरून नाही.

तिला पटलं असं वाटतंय. "मग मासळीच आणते काउंटरवर" म्हणाली.

९ जून

आजचा दिवस फार कामाचा होता म्हणून सविस्तर लिहिते.

बंदीत ताजं फारसं नाही. खाडीची कोळंबी मिळाली, आंध्रातून येते ती रोहू, आणि फ्रीजरमधली सुरमई. मी कार्डपेपरचे तुकडे लॅमिनेट करून नेले होते, लाल, हळदी, भडक निळा, मोरपंखी, पोपटी, पांढरा, काळा, आणि त्यावर एकाच सुरमईचे एकाच जाडीचे काप ठेवले, शेजारी शेजारी, खिडकीच्या उजेडात. मावशी, लेक आणि साफसफाईला येणाऱ्या दोघी बायका बघत होत्या, मी कुणालाच काही सांगितलं नाही.

लालवर काप एकदम मेलेला दिसतो. मधला गुलाबी भाग करडा पडतो. हळदीवर वेगळी गंमत, काप ओला असतो ना, त्याच्या चकाकत्या कडेवर खालचा पिवळा चढतो आणि तो शिळ्या मासळीच्या पिवळेपणासारखा दिसतो, साफसफाईवाल्या बाईंनी लगेच नाक मुरडलं. काळ्यावर चांगला दिसतो, हॉटेलसारखा, पण मावशी म्हणाल्या काळ्यावर पाणी, खवले, सगळं दिसतं, मिनिटात घाण वाटेल. पोपटीवर कोळंबी मस्त, सुरमई ठीक.

आणि भडक निळा. इथे मावशी स्वतः वाकून बघायला लागल्या. निळ्यावर सुरमईचा पांढरा भाग किंचित पिवळट दिसत होता, तोच काप उचलून मोरपंखीवर ठेवला तर पांढरा स्वच्छ आणि मधला भाग जास्त गुलाबी. परत निळ्यावर ठेवला, परत पिवळट. मावशींनी स्वतःच्या हाताने उलटसुलट ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "अगो, एकच तुकडा आहे ना हा?"

एकच होता. यामागचं कारण जुनं आणि पक्कं आहे. पॅरिसमध्ये गोबेलाँ नावाचा टॅपेस्ट्री विणायचा सरकारी कारखाना आहे, म्हणजे भिंतीवर लावायचे विणलेले मोठे पडदे, तिथे शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख होते. तक्रार यायची की काळा धागा फिका वाटतो. त्यांनी तपासलं तर काळ्या रंगात काहीच खोट नव्हती, शेजारी निळे-जांभळे धागे होते म्हणून तो तसा दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ छापला आणि तेव्हापासून रंगाचं काम करणारे सगळे त्याच पायावर उभे आहेत. डोळा शेजारच्या वस्तूला विरुद्ध रंगाकडे ढकलतो. निळ्याच्या विरुद्ध पिवळा-नारिंगी, म्हणून निळ्यावर पांढरं मांस पिवळट. हिरवट निळ्याच्या विरुद्ध लालसर, म्हणून मोरपंखीवर गुलाबी. मॉलमधल्या मटणाच्या काउंटरवर मधे मधे हिरव्या पट्ट्या किंवा पानं लावलेली असतात ती याचसाठी.

मग मावशींनी एक प्रश्न विचारला जो मला फार आवडला. ही फसवणूक नाही ना? शिळं ताजं दाखवायची युक्ती नाही ना? मी त्यांना म्हटलं की शिळं म्हावरं मोरपंखीवर ठेवा आणि बघा. फ्रीजरमध्ये मागे राहिलेला एक जुना तुकडा होता तो ठेवला, तो मोरपंखीवर पण जुनाच दिसला, उलट शेजारी ताजा असल्यामुळे जास्तच. मावशींचं समाधान झालं. माझंही मत हेच की ताज्या मासळीवर अन्याय न करणारा रंग निवडणं वेगळं आणि खोटं दाखवणं वेगळं, आणि खोटं दाखवायचं काम रंगापेक्षा लाइट जास्त करतो.

मोरपंखी नक्की. भडक नाही, गडद.

११ जून

लाइटचं लगेच बघायला लागलं कारण गाळ्यात इलेक्ट्रिशियनचं काम चालू आहे आणि एकदा फॉल्स सीलिंग बंद झालं की कोण उघडणार.

बऱ्याच मटण-मासळीच्या दुकानात लालसर लाइट लावतात, त्यात सगळंच ताजं दिसतं. मावशींना ते नको, ठाम नको. दुसरीकडे स्वस्त पांढरी एलईडी ट्यूब लावली तर उलटा घोळ, ताज्या मासळीचे लालबुंद कल्ले पण तपकिरी दिसतात. एलईडीच्या खोक्यावर सीआरआय लिहिलेला असतो, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ८० वगैरे, पण तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि त्यात गडद लाल धरलेलाच नसतो. गडद लाल वेगळा मोजतात, त्याला आर-नऊ म्हणतात, आणि स्वस्त ट्यूबमध्ये तो अगदी कमी असू शकतो. आपला तर सगळा धंदा कल्ल्याच्या लाल रंगावर! गिऱ्हाईक कल्ला उचलूनच बघतं. म्हणून काउंटरवर सीआरआय ९० च्या वरचे आणि डेटाशीटवर आर-नऊ छापलेला असेल असेच लाइट घ्यायचे, ४००० केल्विन, ना पिवळा ना निळा. दोन ट्यूबच्या किमतीत फरक आहे पण पूर्ण गाळ्यात नको, फक्त काउंटरवर आणि पॅकिंगच्या टेबलावर.

१७ जून

दुसरा रंग. मोरपंखी एकटा गंभीर दिसतो आणि लांबून काळाच वाटतो, त्याला सोबत हवी.

लेकीला राणी रंग हवा होता. मावशींना हळदी, खंडोबाचा भंडारा म्हणून, आणि मला तो त्यांच्या मनातला विचार फार प्रिय आहे पण मासळीच्या पॅकिंगवर पिवळा मला आता नकोच वाटतो, ९ तारखेला बघितलं ते डोळ्यासमोरून जात नाही. केशरी बघितला, सुंदर दिसतो पण आत्ताच्या दिवसात केशरीला बाकीचे इतके अर्थ लागलेत की मासळीच्या डब्यावर ती चर्चा नको.

मग बोलता बोलता आजीचा फोटो काढला मावशींनी. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, लुगडं कासोट्याचं, आंबाड्यात वेणी. कसली वेणी विचारलं तर म्हणाल्या, "अबोलीची, रोज. मोगरा सणाला." आणि तिथेच मी शेड कार्ड उघडलं आणि अबोली मोरपंखीवर ठेवला. शिजलेल्या कोळंबीच्या जवळ जाणारा, उबदार, पण केशरीसारखा ओरडणारा नाही. लेक म्हणाली की ठाण्यात बायका रिक्षा चालवतात त्या पण अबोलीच. हे तर अजून छान, कारण हा धंदा आजीपासून बायकांनीच चालवलाय आणि ठाण्याच्या माणसाला अबोली रंग रस्त्यावर बाईच्या कष्टाशी जोडून आधीच माहीत आहे. असा अर्थ चार्टमधून मिळत नाही, गावातूनच मिळतो.

राणी रंग लेकीने सोडला, पण खुशीने सोडला की नाही ते अजून नीट कळत नाहीये. दोन दिवसांनी परत विचारेन.

१९ जून

लेकीने सोडला, पण एक शंका काढली आणि शंका बरोबर आहे. "हे स्विगीसारखं नाही ना दिसणार?"

सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीच्या पिशव्या ठेवायचा रॅक असतो, तिथे स्विगी नारिंगी, झोमॅटो लाल, ब्लिंकिट पिवळा, झेप्टो जांभळा. आपला डबा पण तिथेच काही वेळ बसणार, आणि वॉचमनने लांबून ओळखून "मासळी आली" असं इंटरकॉमवर सांगितलं पाहिजे, नाहीतर बर्फ वितळतोय. मानपाड्याच्या एका सोसायटीत ओळखीने परवानगी काढली आणि नमुन्याचे डबे रॅकवर ठेवले, एकात अबोली जास्त, एकात अर्धं अर्धं, एकात मोरपंखी जास्त आणि अबोलीची नुसती रुंद पट्टी. वॉचमन काकांना रस्त्याच्या पलीकडून बघायला सांगितलं. अबोली जास्त असलेला डबा त्यांनी सरळ "स्विगी" म्हटला. मोरपंखीवर पट्टीवाला कुठल्याच कंपनीचा नाही म्हणाले, "पण वेगळा आहे, कळेल." तेवढंच हवं होतं.

म्हणजे प्रमाण ठरलं. मोरपंखी मुख्य, पांढरा भरपूर, अबोली एक पट्टी आणि डीपीत एक ठिपका. आणि अबोलीची शेड जरा गुलाबीकडे सरकवली, नारिंगीपासून लांब.

२४ जून

आकडे ठरवले. मोरपंखी आरजीबी ११, ५९, ६३. अबोली २४२, १४०, १११.

कॉन्ट्रास्ट तपासला. वेबच्या नियमांप्रमाणे साध्या आकाराच्या अक्षरांना ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा तरी फरक हवा. मोरपंखीवर पांढरं १२ च्या वर जातं, आरामात. मोरपंखीवर अबोली ५.१, चालेल. पण अबोलीवर पांढरं फक्त २.४, म्हणजे बंद, कुठल्याही आकारात बंद. लेकीला स्पष्ट लिहून दिलं कारण व्हॉट्सॲपचे क्रिएटिव्ह ती स्वतः मोबाइलवर बनवते आणि अबोलीवर पांढरं लिहायचा मोह होतोच, स्क्रीनवर गोडही दिसतं, पण गिऱ्हाईक उन्हात रिक्षेत बसून भाव बघतं तेव्हा "पापलेट मोठं" दिसतं आणि पुढचा भाव दिसत नाही. अबोलीवर अक्षर नेहमी मोरपंखी.

रंग न ओळखता येणाऱ्या लोकांसाठी पण बघितलं, लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांना ही जोडी कशी दिसते त्याचं सिम्युलेशन. दोन्ही रंग बदलतात पण एक गडद आणि एक उजळ आहे त्यामुळे पट्टी तशीच उठून दिसते. गडद-उजळ फरक असला की बाकी बरंच सुटतं. म्हणून मी प्रत्येक लोगो आधी ग्रे करून बघते, ग्रेमध्ये जो उभा राहत नाही तो रंगात पण उभा राहत नाही.

१ जुलै

प्रेस, वागळे इस्टेट. पाऊस इतका की रिक्षा मिळेना पण गेले कारण मशीनवर उभं राहिल्याशिवाय रंग पास करायचा नाही हा माझा नियम आहे.

स्क्रीन उजेडाने रंग बनवते, प्रेस शाईने. स्क्रीनवर लाल हिरवा निळा मिळवले की पांढरं होतं, कागदावर शाया मिळवल्या की काळपट होतं, त्यामुळे स्क्रीनवरचे बरेच भडक रंग फोर कलरमध्ये, म्हणजे नेहमीच्या चार शायांच्या छपाईत, येतच नाहीत. अबोलीला तो त्रास नाही, मॅजेंटा आणि यलो साधारण निम्मे निम्मे, छान उतरला. अडचण मोरपंखीची. फोर कलरमध्ये तो बनवायला चारही शाया लागतात आणि त्यातून लोगोची पांढरी अक्षरं कोरून काढायची आहेत. चार प्लेटपैकी एक जरी केसभर सरकली तरी अक्षराच्या कडेला रंगाची रेघ येते, आणि देवनागरीत तर वेलांटीची पोकळी आणि अनुस्वाराचा ठिपका आधी बुजतो. प्रूफवर भिंगातून बघितलं तर आजीच्या नावातली वेलांटी एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने पिवळट झाली होती. नुसत्या डोळ्यांना एवढंच जाणवतं की अक्षर "स्वच्छ नाही", कारण कळत नाही.

उपाय एकच, मोरपंखी स्पेशल कलर म्हणून एका शाईत, एका प्लेटवर. पँटोन या रंगांची शेड कार्डं काढणाऱ्या कंपनीची पद्धत हीच, १९६३ पासून, ठरलेल्या शाया ठरलेल्या प्रमाणात मिसळायच्या म्हणजे ठाण्यात छापा की नाशिकला, रंग तोच. प्रेसवाल्या दादांनी डब्यात शाई मिसळून चाकूने कागदावर ओढून दाखवली. एक प्लेट जास्त लागते म्हणून खर्च वाढेल असं लेकीला वाटलं होतं, पण स्लीव्हवर फोटोच नाहीये, मोरपंखी आणि अबोली दोनच शाया, म्हणजे चार प्लेटच्या जागी दोन, खर्च उलट कमी. अबोली पण मग स्पेशलच केली.

कागद आणि कोटिंग बदललं की तीच शाई वेगळी दिसते. आर्ट पेपरवर चमकते, साध्या कागदावर शोषली जाते आणि मंद होते, पँटोनच्या पंख्यात म्हणूनच कोटेड आणि अनकोटेड असे वेगळे भाग असतात. बिलबुक साध्या कागदावर आहे, त्याची शाई थोडी वेगळी मिसळावी लागेल. दादा म्हणाले करून देतो.

आणि हो, सगळं बघताना त्यांच्या टेबलावरच्या स्टँडर्ड लाइटखाली बघितलं, ५००० केल्विन, आणि मग दारात जाऊन पावसाच्या उजेडात. दोन्हीकडे सारखं. नाहीतर एका लाइटखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्याखाली फाटतात.

७ जुलै

ओल्याची परीक्षा. स्लीव्हचे नमुने नॉन टिअरेबलवर (न फाटणारा, प्लास्टिकचा कागद) आणि साध्या आर्ट पेपरवर लॅमिनेशन करून, दोन्ही बर्फाच्या पेटीत रात्रभर. आर्ट पेपर कडेने पाणी प्यायला, फुगला, लॅमिनेशन सुटलं. नॉन टिअरेबल जसाच्या तसा. ओल्या बोटाने आणि मासळीचं तेल लावून घासलं, मोरपंखीला काही नाही, अबोलीवर तेलाचा डाग किंचित दिसतो पण पुसला जातो. मॅटऐवजी ग्लॉस घेतला, मॅटवर ओले हात उमटतात आणि गडद रंग राखाडी पडतो.

तळाच्या कागदावर मात्र छपाई नाही. शाई मासळीला लागता कामा नये, यावर चर्चाच नाही. रंगीत फूड ग्रेड ट्रे शोधले, मोरपंखीच्या जवळचा गडद हिरवट निळा स्टॉकमध्ये मिळाला, आपल्या आकड्याशी तंतोतंत नाही. चालेल. मासळीच्या खाली काय दिसतं तेवढंच बघायचं होतं आणि मावशींनी सुरमई ठेवून पास केलं.

११ जुलै

नियमांच्या दोन गोष्टी, रंगाशी थेट संबंध आहे म्हणून लिहितेय.

पॅक केलेल्या मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण लागतो. आधी तपकिरी गोल असायचा, शाकाहारी हिरव्या गोलासारखाच, आणि ज्यांना तपकिरी-हिरवा कळत नाही त्यांची पंचाईत व्हायची. २०२० च्या लेबलिंग नियमांत त्रिकोण आला. खूण ब्रँडच्या नावाजवळ आणि उठून दिसेल अशा पार्श्वभूमीवर हवी. मोरपंखीवर तपकिरी गायबच होतो, म्हणून नावाच्या उजवीकडे पांढरी खिडकी सोडली आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, १४ आकडी नंबर पण तिथेच घेतला. तपकिरीसाठी तिसरी शाई लागली. लागू दे.

ट्रेडमार्कचं वकिलांशी बोलले. मासळीचा वर्ग २९. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात रंगांची जोडणी पण चिन्ह म्हणून धरली जाते, आणि कलम १० प्रमाणे रंगाची मर्यादा न घालता नोंदवलं तर ते सगळ्या रंगांसाठी नोंदवलं असं मानतात. म्हणून नावाचं लेटरिंग काळ्या-पांढऱ्यात टाकायचं असं ठरलं, उद्या कुणी तेच नाव हिरव्यात काढलं तरी हात बांधलेले नसतील. रंगजोडीचं संरक्षण वापरातून मिळवायचं असतं. कोलगेटने २००३ मध्ये दिल्ली हायकोर्टात दंतमंजनाच्या डब्याच्या लाल-पांढऱ्या जोडीवरून अँकरविरुद्ध मनाई मिळवली होती, पण ती जोडी वर्षानुवर्षं एकाच पद्धतीने लोकांच्या डोळ्यासमोर होती म्हणून. लेकीला हेच सांगितलं, दर सणाला रंग बदलायचा नाही. दिवाळीला सोनेरी, नाताळला लाल असं केलं की डोळ्यात काहीच बसत नाही.

१६ जुलै

ॲप्रन. मी मोरपंखी धरला होता, डाग दिसणार नाहीत म्हणून. मावशींनी साफ नकार दिला. "डाग दिसलाच पाहिजे, दिसला की धुतला जातो." पांढरा ॲप्रन, गळ्याशी आणि खिशाला अबोलीची पाइपिंग. कापड उल्हासनगरहून, पाइपिंगचा अबोली जरा फिका आहे, कापडाची शेड छपाईसारखी जुळत नाही आणि जुळवायच्या मागे लागायचं नाही, दोन्ही एकमेकांपासून हातभर लांब असतात. मावशींचं म्हणणं माझ्या सगळ्या पॅलेटपेक्षा मोठं वाटलं मला. आता पांढरा हा नुसता रिकामा भाग राहिला नाही, तो पण ब्रँडचा रंग म्हणून कार्डावर लिहिला.

२२ जुलै

बोर्ड. मराठी नाव देवनागरीत आणि बाकी लिपीपेक्षा लहान नसलेलं, २०२२ पासून छोट्या दुकानांनाही सक्तीचं आहे, आपलं नाव तर मराठीच आहे. बोर्डवाला फ्लेक्सवर प्रिंट मारून देतो म्हणाला, स्वस्तात. अबोलीसाठी ते चालणार नाही. अबोली बनतो मॅजेंटा आणि यलोपासून आणि उन्हात आधी हेच दोन उडतात, जुने फ्लेक्स बघा कुठलेही, सगळे निळे पडलेले असतात. घोडबंदर रोडला गाळ्याचं तोंड पश्चिमेला, दुपारनंतर पूर्ण ऊन. एका उन्हाळ्यात अबोलीचा बदामी होईल.

म्हणून प्रिंट नाहीच. एसीपी शीट (दोन बाजूंनी ॲल्युमिनियम लावलेली) गडद, अक्षरं दुधी ॲक्रिलिकची आणि आतून एलईडी, आणि पट्टीला आरपार रंग असलेलं कास्ट विनाइल, म्हणजे चिकटवायची रंगीत फिल्म, कापून लावायचं. विनाइलच्या शेड कार्डात अबोलीच्या जवळची एक शेड सापडली, दिवसा बरोबर, रात्री मागून लाइट आला की गुलाबी होते. आतले एलईडी थोडे उबदार घेतले तेव्हा जागेवर आली. संध्याकाळी सातला बोर्डवाल्याच्या वर्कशॉपमध्ये बघून पास केलं, फोटोवर नाही, मोबाइलचा कॅमेरा रात्रीच्या पाटीचा रंग कधीच खरा दाखवत नाही.

एसीपीत मोरपंखी मिळाला नाही. जवळचा म्हणून जो दाखवला तो निळाच होता. मावशी हसून म्हणाल्या घे की निळा, आणि लेकच पुढे होऊन नाही म्हणाली. शीटवर पूर्ण विनाइल चढवतोय, खर्च थोडा वाढला, दोघींना मान्य आहे.

३० जुलै

रंगांचं कार्ड लेकीला दिलं, छापील, लॅमिनेट करून, पॅकिंगच्या टेबलावर टांगायला. त्यात प्रत्येक रंगाचे स्क्रीनचे आकडे, स्पेशल शाईचा नमुना प्रत्यक्ष कागदावर ओढलेला, बिलबुकाची वेगळी शाई, विनाइलची शेड, ॲप्रनच्या पाइपिंगचा कापडाचा तुकडा, ट्रेचा स्टॉक नंबर. सगळे एकमेकांशी शंभर टक्के जुळत नाहीत आणि प्रत्येक कुठपर्यंत सरकलेला चालेल ते शेजारी लिहिलंय: मोरपंखी हिरव्याकडे सरकला तर चालेल, निळ्याकडे नाही. अबोली गुलाबीकडे चालेल, नारिंगीकडे नाही. पुढचा कुठलाही प्रिंटर, मी नसले तरी, या दोन ओळींवर रंग पास करू शकतो.

स्लीव्हचा पहिला लॉट आला, मुद्दाम कमी काढलाय. परवापासून बोटी जातील पण श्रावण आणि गणपती उरकेपर्यंत अर्धं ठाणं मासळीला हात लावत नाही, खरी विक्री त्यानंतरच. तोपर्यंत जेवढ्या ऑर्डरी जातील त्यावर गिऱ्हाइकांकडून आणि गेटवरच्या वॉचमनकडून काय ऐकू येतं ते लेक वहीत लिहून ठेवणार आहे, मग मोठा लॉट.

बाकी: स्कूटरचा स्टिकर, पेटीच्या झाकणाचा स्टिकर (झाकण निळं आहे, पांढऱ्या पेट्या मिळतात का बघायचं), आणि रेट कार्डवर भावाचे आकडे अजून एक साइज मोठे.